टॅग लावलेल्या हिशेबांची पडताळणी

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेतला, तर ताळेबंदाच्या माथ्यावर एका कोपऱ्यात लहान अक्षरांत 'रुपये लाखांत' अशी एक ओळ छापलेली आढळते. वाचणारा माणूस ती ओळ एकदा पाहतो आणि पुढचा प्रत्येक आकडा तिच्याच आधाराने वाचतो. कंसात छापलेला आकडा वजा समजायचा, दोन रकान्यांपैकी एक चालू वर्षाचा व दुसरा गतवर्षाचा, दुहेरी रेघेजवळचा आकडा एकूण बेरजेचा, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हिशेबाच्या वह्यांची परंपरा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. संगणकापुढे मात्र तेच पान ठेवले, तर त्याला यांतले काहीही उमगत नाही. त्याच्या दृष्टीने १,२३४ ही केवळ चार अंकांची एक ओळ असते. ते रुपये आहेत की लाख रुपये, येणे आहे की देणे, यंदाचे आहे की मागचे, याचा त्या अंकांत मागमूसही नसतो.

ही उणीव दूर करण्याची कल्पना १९९८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा या शहरात पुढे आली. चार्ल्स हॉफमन हे तेथे व्यवसाय करणारे लेखापाल होते. इंटरनेटवरील मजकुराच्या देवघेवीसाठी त्याच सुमारास तयार झालेली एक्सएमएल ही खूणभाषा हिशेबांसाठीही वापरता येईल, असे त्यांना वाटले. अमेरिकेतील लेखापालांच्या संस्थेने हा विचार उचलून धरला आणि त्यातून 'एक्स्टेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज', म्हणजेच एक्सबीआरएल, ही पद्धती जन्माला आली. तिचे २.१ हे विनिर्देशन २००३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आज जगातील बहुतेक नियामक त्याच पायावर काम करतात.

या पद्धतीत प्रत्येक आकड्याला एक टॅग लावतात. कापडाच्या गाठीवर व्यापारी जशी चिठ्ठी डकवतो, तसाच हा टॅग असतो. मात्र गाठीवरच्या चिठ्ठीपेक्षा त्यावर पुष्कळ अधिक लिहावे लागते. आकडा कोणत्या बाबीचा आहे, कोणत्या कंपनीचा आहे, कोणत्या तारखेचा किंवा कोणत्या कालावधीचा आहे, कोणत्या एककात आहे आणि किती स्थानापर्यंत अचूक आहे, या सर्वांचा उल्लेख केल्यावाचून तो आकडा पूर्ण होत नाही. बाबींची नावे ज्याने त्याने आपल्या मर्जीने द्यायची नसतात. ती नियामकाने आधीच ठरवून दिलेली असतात. या नावांच्या, त्यांच्या व्याख्यांच्या आणि परस्परसंबंधांच्या वर्गीकृत कोशाला टॅक्सॉनॉमी म्हणतात. येथे सोयीसाठी त्याला संज्ञाकोश म्हटले आहे.

भारतात रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांचे भांडवल पर्याप्ततेचे विवरण या पद्धतीने घेण्यास आरंभ केला. कंपन्यांच्या बाबतीत हे पाऊल कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या वित्तीय वर्षापासून उचलले. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्या व त्यांच्या भारतीय उपकंपन्या, पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या, आणि शंभर कोटी रुपये वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या यांना आपली वित्तीय विवरणे निबंधकाकडे एक्सबीआरएल रूपातच दाखल करणे बंधनकारक झाले. बँका व विमा कंपन्या यांना त्यातून वगळण्यात आले. २०१५ च्या नियमांनी या व्यवस्थेला नव्या कंपनी कायद्याखाली आणले, व पुढे नवीन भारतीय लेखामानके लागू असणाऱ्या कंपन्यांचाही त्यात समावेश झाला.

वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवेल. लेखापरीक्षकांनी तपासलेले, संचालकांनी सह्या केलेले व भागधारकांच्या सभेपुढे मांडलेले हिशेब पुन्हा तपासण्याचे कारण काय? कारण असे की, तपासले गेले ते कागदावरचे हिशेब. टॅग लावलेला दस्तऐवज हा त्या हिशेबांचा एक प्रकारे अनुवाद असतो, आणि मूळ ग्रंथ निर्दोष असला तरी अनुवाद सदोष असू शकतो. निबंधकाच्या संगणकात साठवला जातो तो हा अनुवाद. पुढे कर्ज देणारी बँक, गुंतवणूकदार, संशोधक आणि शासन हे सारे त्याचाच आधार घेतात. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाची २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणारी नवी श्रेणी जाहीर झाली, तेव्हा खाजगी कंपनी क्षेत्राच्या अंदाजासाठी कंपन्यांनी मंत्रालयाकडे दाखल केलेल्या विवरणांचाच उपयोग करण्यात आला होता. एखाद्या कारखान्यातील कारकुनाने घाईत भरलेला आकडा देशाच्या उत्पन्नाच्या बेरजेत जाऊन बसतो, तो अशा वाटेने.

यंत्राची तपासणी

मंत्रालयाने कंपन्यांसाठी पडताळणीचे एक साधन विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. कंपनीने आपला दस्तऐवज त्यातून पार केल्याखेरीज तो स्वीकारला जात नाही. ही तपासणी साधारणपणे तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी व्याकरणाची. दस्तऐवज एक्सबीआरएलच्या नियमांनुसार रचलेला आहे काय, वापरलेली प्रत्येक संज्ञा संज्ञाकोशात आहे काय, तारखेच्या जागी तारीख व रकमेच्या जागी रक्कम आहे काय, एवढेच येथे पाहिले जाते. दुसरी पायरी नियमांची व बेरजांची. अनिवार्य बाबी भरल्या आहेत काय, मत्तेची बेरीज भांडवल व देणी यांच्या बेरजेशी जुळते काय, संज्ञाकोशात ज्या बाबींची बेरीज ज्या बाबीइतकी व्हावी असे सांगितले आहे ती तशी होते काय, हे यंत्र पाहते. तिसऱ्या पायरीला पूर्वछाननी म्हणतात. तीत मंत्रालयाच्या नोंदींशी तुलना होते. कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक खरोखर अस्तित्वात आहे काय, ही त्यांपैकी एक गोष्ट होय.

या तिन्ही पायऱ्या पार पडल्या की पडद्यावर यशाचा संदेश उमटतो, आणि बहुतेक घोटाळ्यांचा उगम येथेच होतो. संदेश पाहून काम झाले असे मानण्याकडे माणसाचा कल असतो. वास्तविक त्या संदेशाचा अर्थ दस्तऐवज सुसंगत आहे एवढाच असतो. तो सत्य आहे असे यंत्र कधीच म्हणत नाही, कारण सह्या केलेले मूळ हिशेब त्याने पाहिलेले नसतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका कंपनीच्या ताळेबंदात ग्राहकांकडील येणे १,२३४ असे छापले आहे व वर 'रुपये लाखांत' अशी ओळ आहे. एक्सबीआरएलमध्ये ही रक्कम पूर्ण रुपयांत, म्हणजे १२,३४,००,००० अशी लिहावी लागते. शिवाय ती लाखापर्यंतच अचूक आहे हे सांगण्यासाठी दशांशस्थानाच्या जागी 'उणे पाच' असे नमूद करावे लागते. रकमेचा आकार व रकमेची अचूकता या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नवख्या माणसाला मात्र 'उणे पाच' लिहिले की यंत्र आपण होऊन लाखाने गुणेल असे वाटते. तो १,२३४ तसेच ठेवतो. यंत्राच्या दृष्टीने आता कंपनीचे येणे केवळ एक हजार दोनशे चौतीस रुपये आहे. मौज अशी की, ही चूक सर्व आकड्यांत सारखीच झाली असेल तर एकही बेरीज बिघडत नाही. किंबहुना, असे लहान आकडे जवळच्या लाखापर्यंत पूर्णांकित केले तर ते शून्य होतात. शून्यांची बेरीजही शून्यच असल्यामुळे बेरजेचा नियम बिनबोभाट पार पडतो. कोट्यवधींची उलाढाल करणारी कंपनी कागदोपत्री पानपट्टीच्या दुकानाएवढी होते आणि यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही.

याच्या उलट चूकही घडते. प्रत्येक आकडा लाखाने गुणण्याची आज्ञा प्रणालीला एकदा दिली की ती सरसकट पाळली जाते. पण प्रति शेअर मिळकत ही बाब, बाकीचा ताळेबंद लाखांत असला तरी, रुपयांतच छापलेली असते. साडेबारा रुपयांची मिळकत मग साडेबारा लाख होऊन बसते. टक्केवारीचेही तसेच आहे. एक्सबीआरएलमध्ये पंचवीस टक्के हे ०.२५ असे लिहायचे असतात. तेथे २५ लिहिले तर त्याचा अर्थ अडीच हजार टक्के असा होतो.

चिन्हांचा गोंधळ

आकारमानाच्या चुका एकदा नजरेस आल्या की पटकन ओळखू येतात. चिन्हांच्या चुका अधिक फसव्या असतात. अमेरिकेच्या रोखे आयोगाने मोठ्या कंपन्यांना २००९ पासून ही पद्धती सक्तीची केली. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयोगाच्या अधिकाऱ्यांनी दाखल झालेल्या दस्तऐवजांवर जे अभिप्राय प्रसिद्ध केले, त्यांत धन-ऋण चिन्हांच्या चुकांचा मुद्दा ठळकपणे होता. कारण समजण्यासारखे आहे. कागदावर कंसाचा अर्थ 'वजा करा' असा असतो, आणि तो स्थानावर अवलंबून असतो. रोख प्रवाहाच्या पत्रकात यंत्रसामग्रीची खरेदी कंसात छापतात, कारण तेथे पैसा बाहेर गेला. पण संज्ञाकोशातील संज्ञाच मुळी 'यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी दिलेली रक्कम' अशी आहे. पैसा बाहेर गेला हे त्या नावातच आले. म्हणून आकडा धनच लिहावा लागतो. कंस पाहून कोणी ऋण चिन्ह लावले, तर कंपनीला यंत्रे विकत घेऊन उलट पैसे मिळाले असा अर्थ निघेल.

काही संज्ञांची नावे दुहेरी असतात, उदाहरणार्थ 'मालसाठ्यातील घट (वाढ)'. अशा ठिकाणी कंसाबाहेरचा शब्द धन आणि कंसातला शब्द ऋण, असा संकेत आहे. साठा वाढला असेल तर आकडा ऋण लिहायचा. जुन्या लेखापालांना हे विचित्र वाटते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. नावे व जमा या दोन बाजूंवर पोसलेल्या माणसाला अधिक-उण्याची भाषा नेहमीच थोडी परकी राहते. पडताळणी करणाऱ्याने प्रत्येक ऋण आकड्यापाशी थांबून त्या संज्ञेची व्याख्या वाचावी आणि हा आकडा ऋण असणे मुळात शक्य आहे काय, असे स्वतःला विचारावे. स्थिर मालमत्ता किंवा कर्मचाऱ्यांवरील एकूण खर्च ऋण असण्याचा संभव फारच थोडा; निव्वळ नफा मात्र खुशाल ऋण असू शकतो.

बेरजेच्या नियमांनाही मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक नसल्यास खोटा दिलासा मिळतो. संज्ञाकोशातील बेरीज-संबंध एकाच तारखेच्या वा एकाच कालावधीच्या आकड्यांपुरते असतात. वर्षारंभीची रोख शिल्लक, वर्षातील निव्वळ वाढ आणि वर्षअखेरची शिल्लक यांचा मेळ कोणताही मुनीम प्रथम घालील. परंतु यांतील दोन आकडे दोन निरनिराळ्या तारखांचे व तिसरा संपूर्ण वर्षाचा असल्यामुळे हा साधा संबंध त्या बेरजांच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वेगळे सूत्र लिहावे लागते किंवा माणसाने पाहावे लागते. मालमत्तेच्या तक्त्यातही जमीन, इमारती, यंत्रे, वाहने अशा वर्गवार रकमांची बेरीज एकूण रकमेशी जुळते की नाही, हे साध्या बेरीज-संबंधांवरून कळत नाही. तक्त्यातील प्रत्येक उभी-आडवी बेरीज म्हणून हाताने घ्यावी हे उत्तम.

उलटपक्षी, यंत्र कधी कधी चूक नसतानाही हरकत घेते. १२.४, १३.४ आणि १४.४ लाख यांची बेरीज ४०.२ लाख होते. हे चारही आकडे पूर्ण लाखांत छापले की १२, १३, १४ आणि ४० असे दिसतात. पण १२, १३ व १४ यांची बेरीज ३९ भरते. कागदावर असा एकाचा फरक लेखापाल सहज चालवून घेतात. यंत्र तो विसंगती म्हणून दाखवते. पूर्णांकनाच्या अशा निरुपद्रवी फरकांना वाव देणारी बेरजेची सुधारित पद्धती २०२३ मध्ये प्रमाणित झाली असली, तरी जेथे जुनीच पद्धती चालू आहे तेथे हा उपद्रव राहणारच. अशा वेळी हरकत घालवण्यासाठी एखादा आकडा एकाने वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. दाखल होणारा आकडा सह्या केलेल्या हिशेबातील आकड्याशी जुळला पाहिजे. यंत्राचे समाधान त्यानंतरचे.

अर्थाची निवड

सर्वांत अवघड चुका अंकांच्या नसून अर्थाच्या असतात. अमेरिकेत एखादी बाब संज्ञाकोशात सापडली नाही तर कंपनीला स्वतःची संज्ञा रचण्याची मुभा आहे. तिचा अतिरेकही झाला. जो तो आपले नाव वापरू लागला, तर कंपन्यांची तुलना करण्याचा हेतूच विफल होतो. भारतातील कंपनी व्यवहार मंत्रालयाने ही मुभा दिलेली नाही. जे काही आहे ते ठरलेल्या संज्ञांतच बसवले पाहिजे. यामुळे तुलना सुकर झाली खरी. पण न बसणाऱ्या बाबींची रवानगी 'इतर' या सदरात होऊ लागली. 'इतर खर्च', 'इतर चालू देणी', 'इतर मत्ता' ही सदरे एखाद्या दस्तऐवजात फुगलेली दिसली, की तपासणाऱ्याने सावध व्हावे. काही वेळा तेथे खरोखरच दुसरी जागा नसते, आणि मग तळटीप जोडून खुलासा करता येतो. पुष्कळदा मात्र योग्य संज्ञा कोशात दोन पाने पुढेच असते व टॅग लावणाऱ्याने तेवढा शोध घेतलेला नसतो.

अनिवार्य बाबींचीही एक अडचण आहे. काही रकाने रिकामे ठेवताच येत नाहीत. कंपनीला ती बाब लागूच नसेल तरी तेथे शून्य भरावे लागते. मग 'रक्कम शून्य आहे' आणि 'हा प्रश्नच उद्भवत नाही' या दोन भिन्न अर्थांची एकच खूण होते. हा दोष कंपनीचा नव्हे. पण याच सवयीने, जेथे खरी रक्कम होती व ती शोधायला वेळ नव्हता, तेथेही शून्य भरले जाते. म्हणून दस्तऐवजातील सर्व शून्यांची वेगळी यादी काढून ती टिपांशी ताडून पाहणे लाभदायक ठरते.

गतवर्षाच्या रकान्याकडेही दुर्लक्ष होते. आदल्या वर्षीची फाइल उघडून तीत नवे आकडे भरण्याची रीत सर्वत्र आहे. ती वेळ वाचवते. पण त्यात तारखा बदलायच्या राहून जातात, किंवा संचालकांच्या अहवालाचा मागील वर्षाचा परिच्छेद तसाच टिकून राहतो. गतवर्षाचे आकडे गेल्या वेळी दाखल केलेल्या आकड्यांशी जुळतात काय, आणि जुळत नसतील तर पुनर्वर्गीकरणाची टीप मूळ हिशेबात आहे काय, हे दोन प्रश्न विचारले की यांतील बराचसा गाळ वर येतो.

मंत्रालयाचे साधन टॅग लावलेल्या दस्तऐवजाचे वाचनीय पानांत रूपांतर करून देते. अंतिम तपासणी या पानांवरच झाली पाहिजे. सर्वांत भरवशाची पद्धत जुन्या पेढ्यांतलीच आहे: एकाने सह्या केलेल्या हिशेबातील आकडा मोठ्याने वाचायचा व दुसऱ्याने छापील पानांवर त्यापुढे खूण करायची. ताळेबंद या शब्दातच ताळा आहे, आणि ताळा घेण्यास दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे. ज्याने टॅग लावले त्यानेच ते तपासू नयेत. आपली चूक आपल्याला बरोबरच वाटते. लांबलचक टिपांचे परिच्छेदही पाहावेत, कारण रूपांतरात तक्ते मोडतात, ओळी एकमेकींत मिसळतात, आणि सहा रकान्यांचा तक्ता वाचता न येणारी आकड्यांची रांग होऊन जातो.

हे सारे करण्यास वेळ किती मिळतो, हा प्रश्न व्यवहारात सर्वांत कठीण आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतात, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३७ प्रमाणे सभेनंतर तीस दिवसांच्या आत विवरणे दाखल करावी लागतात. त्यामुळे देशभरातील कंपन्यांची गर्दी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उसळते. जुलै २०१८ पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क लागू झाले, आणि त्याची कमाल मर्यादा ठेवलेली नाही. टॅग लावण्याचे काम अनेक कंपन्या बाहेरच्या संस्थेकडे सोपवतात. तिच्याकडून दस्तऐवज परत येतो तो मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी. वाचून ताडण्याला मग एक दुपार उरते. परंतु फॉर्मवर डिजिटल स्वाक्षरी असते ती कंपनीच्या संचालकाची व तो प्रमाणित करणाऱ्या व्यावसायिकाची. टॅग लावणाऱ्या संस्थेचे नाव तेथे कोठेही नसते. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटे विधान केल्यास कलम ४४८ लागू होते, आणि जाणूनबुजून की अनवधानाने, हे सिद्ध करण्याची वेळ येणे हीच कोणाही सभ्य माणसाला शिक्षा वाटेल.

यास्तव काही अनुभवी कंपनी सचिव उलट्या क्रमाने काम आखतात. लेखापरीक्षकांचा मसुदा तयार होताच, सह्या होण्यापूर्वीच, ते संज्ञांची निवड ठरवून टाकतात. कारण कोणत्या बाबीला कोणता टॅग लावायचा हे आकडे पक्के होण्याची वाट पाहत नाही. सह्या झाल्यावर केवळ आकडे भरणे उरते आणि तपासणीला पूर्ण आठवडा मिळतो. त्या आठवड्यात दुरुस्ती निघाली, तर ती करून सगळा दस्तऐवज पुन्हा पहिल्या पायरीपासून यंत्रातून काढतात व बदललेली पाने पुन्हा वाचतात. एक आकडा बदलला की त्याच्यावर विसंबलेल्या बेरजा, गुणोत्तरे व टिपा बदललेल्या असू शकतात, आणि दुरुस्तीच्या घाईत झालेली नवी चूक जुन्या चुकीहून बहुधा उशिरा सापडते.